विटेचा दगड

कोकणात ज्याला जांभा म्हणतात, त्याचं शास्त्रातलं नाव लॅटराइट. शाळेत ‘जांभी मृदा’ पाठ केलेल्यांच्याही कानावरून हे नाव क्वचितच गेलेलं असतं. आणि ते आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर जन्माला आलं, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असतं.

टिपू पडल्यावर कंपनी सरकारने १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरला म्हैसूर, कानडा आणि मलबारच्या पाहणीला धाडलं. मलबारात अंगाडिपुरम इथे लोक जमिनीतून एक तांबूस, सच्छिद्र दगड काढताना त्याला दिसले. जमिनीत असताना हा दगड इतका मऊ की मोठ्या सुरीनेही कापता यावा. वारा लागला की विटेसारखा टणक, आणि पुढे पावसापाण्याला दाद न देणारा. तिथले लोक त्याला विटेचा दगड या अर्थाने ‘इट्टिक कल्लु’ म्हणत, अशी नोंद बुकॅननने स्वतःच केली आहे. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. १८०७ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनातून लॅटराइट हा शब्द जगभर गेला.

म्हणजे नाव लॅटिन असलं तरी त्यामागचं निरीक्षण दगड कापणाऱ्यांचं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुढच्या अभ्यासकांनी या शब्दाचा अर्थ बदलला. उष्ण, भरपूर पावसाच्या प्रदेशात मूळ खडक झिजत जातो. त्यातली सिलिका, चुना, पोटॅश पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. भूशास्त्रज्ञ या उरलेल्या थराला लॅटराइट म्हणू लागले, मग तो कापता येवो न येवो. ॲल्युमिनियम फार वाढलं की तेच बॉक्साइट. काहींनी तर उष्ण कटिबंधातल्या सरसकट तांबड्या मातीला हे नाव चिकटवलं आणि अर्थ पार सैल करून टाकला. शेवटी मृदाशास्त्रज्ञांनी, वाळल्यावर कायमच्या घट्ट होणाऱ्या मातीसाठी ‘प्लिंथाइट’ हा नवा शब्द घेतला. तो ग्रीक ‘प्लिंथोस’वरून आला. त्याचाही अर्थ वीटच!

बुकॅननचा मूळ अर्थ आजही जिवंत आहे तो चिरेखाणीवर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर बांधणारा माणूस चिरा निवडतो, तेव्हा तो कापायला किती सोपा आणि पुढे किती टिकेल हेच पाहतो. गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या उघड्या भिंती याच दगडाच्या. कासचं पठार आणि पाचगणीचं टेबललँड यांच्या माथ्यावरही तोच. बारसू, कशेळीची कातळशिल्पं कोरली गेली तीही जांभ्याच्या सड्यावर.

अंगाडिपुरमला आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, बुकॅननच्या स्मरणार्थ. ते योग्यच आहे. पण ‘जांभी मृदा’ शिकवताना मुलांना ‘इट्टिक कल्लु’ हे नावही सांगायला हवं, आणि ते कुणाच्या तोंडचं होतं तेही.