तिबेट, भंडारा आणि लहान राष्ट्रांची बाजू

परराष्ट्र धोरण हा दिल्लीच्या दिवाणखान्यातील विषय आहे, तालुक्याच्या कार्यकर्त्याने त्यात पडू नये, असे मानणारे समाजवादी चळवळीतही आढळू लागले आहेत. भंडारा जिल्ह्याचा इतिहास त्यांना ठाऊक नसावा. १९५४ च्या उन्हाळ्यात येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. धानाच्या आणि विड्यांच्या या मुलखात मते मागताना बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली होती. हा विषय मतदाराच्या डोक्यावरून जाईल, अशी शंका त्यांना शिवली नाही.

त्याच सुमारास, २९ एप्रिलला, पेकिंग येथे पंचशीलाचा करार झाला. एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेचा आदर करण्याची उदात्त भाषा त्याच्या प्रस्तावनेत होती. करार तिबेटशी व्यापार आणि येजा यांविषयीचा. सह्या मात्र भारत आणि चीन यांच्याच. ज्याच्या भूमीविषयी बोलणी झाली, त्याला बैठकीत जागा नव्हती! लोहियांनी १९५० मध्येच चीनच्या आक्रमणाला शिशुहत्या म्हटले होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेबांनी राज्यसभेत बजावले, की ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सरहद्द भारताला आणून भिडविली आहे. आठ वर्षांनी त्याचा प्रत्यय आला.

भारताने दुसरे काय करावयाचे होते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सैन्य पाठवा, असे कोणी म्हणत नव्हते. परंतु मत देण्यास तर तोफा लागत नाहीत. १९५० च्या नोव्हेंबरात तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला तो मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने. भारत आणि ब्रिटन यांच्या सल्ल्याने तो लांबणीवर पडला. १९५९ मध्ये आयर्लंड आणि मलाया यांनी ठराव आणला. तो ४५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला, आणि भारत तटस्थ राहिला. १९६१ च्या ठरावामागे याच तीन देशांबरोबर थायलंड उभा होता. ही तीन खंडांतील लहान राष्ट्रे होती. साम्राज्याखाली भरडले जाणे म्हणजे काय, हे त्यांतील बहुतेकांना अनुभवाने ठाऊक होते. खंडाखंडांतील सहकार्य म्हणतात ते हेच. भारताचे अनुकूल मत पडले ते १९६५ मध्ये, स्वतःचे रक्त सांडल्यानंतर.

बाबासाहेबांचे निदान अचूक होते. सीटोकडे त्यांनी सहानुभूतीने पाहिले, तेथे मात्र त्यांच्याशी सहमत होता येत नाही. १९५४ च्या सप्टेंबरात मनिला येथे जन्मलेल्या या संघटनेच्या नावात आग्नेय आशिया होता, पण सभासदांत आग्नेय आशियातील देश दोनच, थायलंड आणि फिलिपाईन्स. बाकीचे बाहेरचे धनी. १९७७ मध्ये ती विसर्जित झाली. आणि चीन स्वतःस समाजवादी म्हणवितो एवढ्यावरून तिबेटविषयी मौन पाळणारे डावे बंधू तरी कोणत्या तोंडाने सीटोला नावे ठेवणार?

राष्ट्रवादाचा टेंभा मिरविणाऱ्यांचाही हिशेब स्वच्छ नाही. २००३ मध्ये वाजपेयी सरकारने तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचे लेखी मान्य केले. २०१५ मध्ये नेपाळच्या सीमेवर मालमोटारी अडल्या. नाकेबंदी आपण केली नाही, असे दिल्लीने सांगितले, आणि काठमांडूत त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेलीच नाही. मोठ्यांच्या पंगतीत पाट मिळावा म्हणून धडपडणाऱ्या देशाला शेजारचे लहान भाऊ दिसेनासे होतात, ते असे.

गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तो भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ पासून तो गोंदियात मोडतो. १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने भारतीय नागरिक आहेत. त्यानंतरच्या पिढीला, येथेच जन्मून, परकीय म्हणून नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करीत राहावे लागते. दोन्ही जिल्ह्यांतील पक्षशाखांनी आपल्या पुढील ठरावांत या पिढीच्या नागरिकत्वाची मागणी घातली पाहिजे, आणि तो ठराव दिल्लीला पाठविण्यापूर्वी गोठणगावला जाऊन वाचून दाखविला पाहिजे.