शून्याचा अर्थ

आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणे घरोघर पोहोचली. पलीकडच्या वाड्यातील आजींना मात्र ते मिळाले नाही. "काय रे, आम्ही आता सभासद राहिलो नाही का?" असे त्यांनी विचारताच मला मान खाली घालावी लागली. सभासदांची यादी संगणकावर चढविणारा मीच होतो.

डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत, एका मजकुरात दुसरा मजकूर कोठे सुरू होतो हे सांगणारी सोय असते. १९९२ च्या प्रमाणभाषेत तिचे नाव 'पोझिशन'. मायएसक्यूएल व ओरॅकलमध्ये तिला 'इन्स्टर' म्हणतात, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'चारइंडेक्स'. इन्स्टरला आधी संपूर्ण मजकूर आणि मग शोधावयाचा शब्द द्यावा लागतो. चारइंडेक्सला नेमके उलट.

मोजणी १ पासून होते. 'रामचंद्र' या नावात 'राम' शोधल्यास उत्तर येते १. 'तुकाराम'मध्ये तो आपल्याला तिसऱ्या अक्षरापासून दिसतो. संगणक मात्र ५ सांगतो. उकार आणि काना ही त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत. त, उकार, क, काना ही चार झाली की मग 'राम'. 'गोविंद'मध्ये राम नाहीच, म्हणून उत्तर शून्य. हे शून्य म्हणजे स्थान नव्हे, तो नकार आहे.

मी चुकलो तो इथेच. पाकिटावर पहिले नाव यावे म्हणून मी नावातील पहिल्या रिकाम्या जागेचे स्थान काढले, त्यातून १ वजा केला आणि डावीकडून तेवढी चिन्हे घेतली. आजींनी अर्जावर एकच नाव लिहिले होते. रिकामी जागा नाही, म्हणून शून्य. त्यातून १ गेला, उरले उणे १. एसक्यूएल सर्व्हर अशा वेळी चूक दाखवून थांबतो. आमचा मायएसक्यूएल निमूटपणे कोरे उत्तर देऊन पुढे गेला, आणि कोरे पाकीट कोणी टपालात टाकले नाही.

उपाय सोपा आहे. शोध घेण्यापूर्वी प्रत्येक नावाच्या शेवटी एक रिकामी जागा जोडावी. मग शून्य येतच नाही आणि एकेरी नावही अखंड हाती लागते.

यादी दुरुस्त केली. आजींचे निमंत्रण मात्र टपालाने पाठविले नाही. स्वतः नेऊन दिले.