तुलना करायची तर पुरती करा

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आजोळी, रत्नागिरीकडे गेलो होतो. शेजारच्या खाला प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आल्या. आत अरबी कागद, त्यावर शिक्के आणि सोबत मोडकंतोडकं इंग्रजी भाषांतर. जावई दुबईत नोकरीला. तिथल्या न्यायालयाने तलाक नोंदवला होता आणि मेहर व इद्दतीच्या खर्चाची रक्कम ठरवून दिली होती. पैसा मात्र आला नव्हता. जावई तोवर मुंबईला परतला होता. खालांनी एवढंच विचारलं, "बाबा, हा कागद इथं चालतो का?"

त्या आधीच तिघांकडे जाऊन आल्या होत्या. मौलाना म्हणाले, तलाक झाला, विषय संपला. वकील म्हणाले, निकाल परदेशातला आहे, इथं नव्याने दावा लावा. जमातीच्या अध्यक्षांनी सबर करायला सांगितलं. "मला माहीत नाही, शोधून सांगतो," असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझा राग आहे तो यावर.

दोन देशांच्या कायद्यांमध्ये अडकलेल्या लग्न, तलाक, वारसा, मुलांचा ताबा अशा प्रश्नांचा विचार करणाऱ्या शाखेला खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. वेगवेगळे कायदे शेजारी ठेवून पाहणं म्हणजे तौलनिक अभ्यास. नावं जड आहेत, पण विषय खालांच्या पिशवीतलाच आहे. ज्या कोकणातल्या घराघरातून माणसं आखातात गेली, तिथं हे ज्ञान चैनीचं नाही.

खालांच्या प्रश्नाला उत्तर होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44 अ नुसार सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतल्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी दाखल करता येतो. संयुक्त अरब अमिराती त्या यादीत जानेवारी 2020 मध्ये आली. म्हणजे कलम 13 मधले अपवाद आड येत नसतील (फसवणूक, नैसर्गिक न्यायाचा भंग वगैरे), तर नवा दावा लावायची गरज नाही. सौदी, कतार, कुवेत मात्र त्या यादीत नाहीत. एकाच गल्लीतल्या दोन मुली, एकीचा नवरा दुबईत, दुसरीचा दोह्यात, आणि दोघींचा रस्ता वेगळा!

तलाकच्या मान्यतेचा प्रश्न याहून अवघड. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये नरसिंह राव खटल्यात परदेशी घटस्फोटांबाबत नियम घालून दिला. ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्या कायद्याला मान्य असलेलं न्यायालय आणि मान्य असलेलं कारण हवं. पण तो खटला हिंदू विवाहाचा होता. ज्या विवाहात तलाकसाठी न्यायालयाची पायरीच चढावी लागत नाही, तिथं हा नियम कसा लावायचा? यावर आपल्यातल्या किती जणांनी डोकं खपवलंय?

डोकं खपवायचं सोडून आपल्याकडे तुलनेची काठी केली जाते. 2017 मध्ये तिहेरी तलाकचा निकाल आला आणि टीव्हीवरचा प्रत्येक पाहुणा मुस्लिम देशांची यादी घडाघडा म्हणू लागला. इजिप्तने बंद केलं, पाकिस्तानने बंद केलं, तुम्हीच का मागे? यादी खोटी नव्हती, अर्धी होती. इजिप्तच्या 1929 च्या कायद्याने एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरले. पाकिस्तानच्या 1961 च्या वटहुकमाने तलाक दिल्यावर स्थानिक परिषदेच्या अध्यक्षाला लेखी नोटीस द्यायला लावली, पत्नीला प्रत द्यायला लावली आणि समेटासाठी 90 दिवस ठेवले. एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे ती नोटीस न देण्याबद्दल. आपल्या 2019 च्या कायद्यात नोटीस नाही, समेटाची परिषद नाही, आहे तो तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास. शब्द निरर्थक ठरवला आणि तो उच्चारणारा गुन्हेगार. ज्यांची नावं घेतली त्यांच्याकडून यंत्रणा घेतली नाही. याला तुलना म्हणत नाहीत.

पण आपलीही बाजू स्वच्छ नाही. हा दाखला दिला की आपले पुढारी खूश होतात. ट्युनिशियाचं नाव काढलं की तेच पुढारी उठून जातात. तिथल्या 1956 च्या संहितेने बहुपत्नीत्व बंद केलं, नवऱ्याला आणि बायकोला घटस्फोटासाठी एकाच न्यायालयात उभं केलं, आणि त्याच्या समर्थनाला आधार घेतला तो कुरआनचाच. ते पटो न पटो, वाचायला काय हरकत? उत्तर ठरलेलं: शरियतची तुलना होत नाही.

होत नाही? मग इब्ने रुश्द यांनी बाराव्या शतकात 'बिदायतुल मुजतहिद'मध्ये निरनिराळ्या इमामांची मतं शेजारी ठेवून मतभेदांची कारणं शोधली, ते काय होतं? आणि मौलाना अशरफ अली थानवींनी केलं ते काय होतं? हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने जवळजवळ जन्मभर वाट पाहायची. अशा लग्नातून सुटण्यासाठी पंजाबात बायका धर्म सोडत होत्या. हनफी परंपरेतल्या या कट्टर आलिमाने मदिनेतल्या मालिकी मुफ्तींना प्रश्न पाठवले, फतवे मागवले आणि मालिकी मत स्वीकारावं असं लिहिलं. त्याच मंथनातून 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्याच्या पहिल्याच कारणात नवरा बेपत्ता असल्याची मुदत आहे चार वर्षं. ती मालिकी मतातून आली. न्यायाधीश मुस्लिमच हवा, ही उलेमांची मागणी मात्र मान्य झाली नाही. आज कौटुंबिक न्यायालयात या कायद्याखाली सुटणारी प्रत्येक मुस्लिम बाई त्या तौलनिक संशोधनाचा फायदा घेते. हे आपण विसरलो, कारण विसरणं सोयीचं होतं.

माथेरानला जन्मलेले असफ फैझी, हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्लाह यांनी हेच काम आयुष्यभर केलं. आपण मात्र 1966 पासून हमीद दलवाई बरोबर की चूक, यावरच भांडतोय. भांडणाला अभ्यास लागत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या जमातीने दोन मुलींना तरी कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी याच विषयात पाठवावं. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाचा निकाहनामा लिहिताना पत्नीला तलाकचा अधिकार देणारी तफवीजची अट घालावी. ती शरियतमध्येच आहे. आणि आखातातल्या निकालांबाबत एक माहितीपुस्तिका मराठीत निघावी.

खालांना मी ओळखीच्या एका तरुण वकील मुलीकडे नेलं. कागद पाहून ती म्हणाली, "हा विषय मी कधी केलेला नाही, दोन आठवडे द्या." दोन आठवड्यांनी तिने दुबईहून निकालाची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली याचा तिथल्या न्यायालयाचा दाखला मागवायला सांगितलं. मुंबईत दरखास्त दाखल झाली आहे. पैसे अजून हातात पडलेले नाहीत, पण खाला आता सबर न करता पुढची तारीख विचारतात.