‘आणि’, ‘किंवा’, ‘तर’

रातांबा फोडून, त्याची साल मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवून वाळवली की आमसूल तयार होते. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किराणा दुकानांत या व्यापाराला मोठी परंपरा आहे. 2016 मध्ये या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ या नावाने. आता या नावातील ‘आणि’ काटेकोरपणे घेतला, तर प्रत्येक पोत्यात दोन्ही जिल्ह्यांचा माल असला पाहिजे. असा अर्थ कोणताही व्यापारी करीत नाही. येथे ‘आणि’ जिल्ह्यांना जोडतो, पोत्यातील मालाला नव्हे. एखाद्या पोत्यापुरता त्याचा अर्थ ‘किंवा’ असाच होतो. ही दुरुस्ती वाचणाऱ्याचे मन इतक्या सहज करते की, ती झाल्याचेही त्याला कळत नाही.

तर्कशास्त्रात ‘आणि’ला क्रम नसतो, दोन्ही विधाने खरी असली की काम झाले. बोलण्यात मात्र तसे नाही. ‘त्याने हिशेब मिळवला आणि दुकान बंद केले’ आणि ‘त्याने दुकान बंद केले आणि हिशेब मिळवला’ या दोन वाक्यांतून दोन निराळी चित्रे उभी राहतात. दुसऱ्या वाक्यात फळ्या लावून आत दिव्याखाली चोपडी उघडून बसलेला माणूस दिसतो. इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत या प्रकाराची मीमांसा केली. त्यांच्या मते असा जादा अर्थ शब्दात नसतो. समोरचा माणूस नीट, क्रमाने आणि पुरेसे सांगतो आहे, असे धरून ऐकणारा तो आपल्या पदरचा घालतो.

क्रमाचा हा प्रश्न जैन न्यायाला फार पूर्वीपासून परिचित आहे. सप्तभंगीतील तिसरा भंग ‘स्यात् अस्ति नास्ति’ आणि चौथा ‘स्यात् अवक्तव्य’. वरवर पाहता दोन्हींत ‘आहे’ आणि ‘नाही’ हेच दोन घटक आहेत. फरक एवढाच की, तिसऱ्यात ते एकामागून एक सांगायचे आहेत, तर चौथ्यात युगपत्, एकाच वेळी. क्रमाने सांगता येते. एकदम सांगायला शब्दच उरत नाही, म्हणून अवक्तव्य. ‘आणि’ या एका अव्ययातील दोन छटांसाठी दोन स्वतंत्र भंग योजणारी ही सूक्ष्मता विलक्षण म्हटली पाहिजे. ‘स्यात्’ या शब्दाचे दुर्दैव मात्र असे की, त्याचा अर्थ सर्रास ‘कदाचित’ असा सांगितला जातो. तेथे संशय नाही. ‘अमुक एका अपेक्षेने’ असे निश्चित बंधन आहे.

मराठीने ‘किंवा’च्या बाबतीत एक सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाहुण्याला ‘चहा घेणार की कोकम सरबत?’ असे विचारले, तर त्याने दोहोंपैकी एकाचे नाव घ्यावे, अशी अपेक्षा असते. ‘चहा किंवा सरबत घेणार का?’ असे विचारले, तर ‘हो’ किंवा ‘नको’ हेही पुरेसे उत्तर ठरते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द येतो आणि निवाडा स्वराच्या चढउतारावर सोडावा लागतो.

‘जर-तर’चा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा आहे. बोलताना ‘जर’ बहुधा गळतोच. मालवणीत तर ‘पावस पडल्यार होडी सुटाची नाय’ अशी सगळी अट एका क्रियापदात मावते. हे ऐकणारा लगेच धरून चालतो की, पाऊस नसला तर होडी सुटेल. वाक्यात तसे आश्वासन मुळीच नाही. वारा असेल, होडीवाला आजारी असेल. तरीही ‘तर’ ऐकला की मन ‘तरच’ समजते. गाइस आणि झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये या प्रवृत्तीची नोंद केली. बाजारात ती रोज वावरते. काजू बीचा खरेदीदार बागायतदाराला म्हणतो, ‘बी नीट वाळवून आणलीत तर किलोमागे पाच रुपये जास्त देईन.’ ओल्या बीविषयी त्याने एक अक्षरही काढलेले नाही. तरी शेजाऱ्याच्या ओल्या बीला तोच वाढीव दर मिळाला, तर पहिल्या बागायतदाराला आपण फसलो असे वाटेल. आणि त्याचे वाटणे गैर म्हणता येणार नाही.

म्हणून सामान्य माणूस तर्कात कच्चा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 1966 मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने अक्षरे आणि अंक लिहिलेली चार पत्ते मांडून एक ‘जर-तर’ नियम तपासायला सांगितला, तेव्हा सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांना तो नीट तपासता आला. तेच कोडे दुकानात आणून पाहावे. नियम असा की, उधारी पाच हजारांवर गेली तर पावतीच्या मागे मालकाची सही हवी. समोर चार पावत्या आहेत: एकीवर सात हजार, दुसरीवर तीन हजार, तिसरी पालथी आणि सही असलेली, चौथी पालथी आणि सही नसलेली. कोणत्या उलटून पाहाव्यात? गल्ल्यावर बसलेला मनुष्य सात हजारांची आणि सही नसलेली याच दोन उचलतो. पैशाचा धोका कोठे आहे हे ज्याला दिसते, त्याला तर्क शिकवावा लागत नाही.

अडचण येते ती कागदावर, कारण तेथे पदरचा अर्थ घालायला ऐकणारा समोर नसतो. धनादेशावर छापलेले ‘किंवा वाहकास’ हे शब्द खोडले नाहीत, तर रेखांकन नसलेला तो कागद हाती असणारा कोणीही पैसे मागू शकतो. 1962 मध्ये महाराष्ट्रातील एका व्यापाऱ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. शोषक कापूस, बँडेज आणि गॉज यांना औषध म्हणायचे की नाही, हा प्रश्न होता. 1940 च्या औषध कायद्याच्या व्याख्येत ‘औषधे’ आणि ‘उपचारासाठी वापरायचे पदार्थ’ अशी दोन पदे ‘आणि’ने जोडलेली होती. पदार्थ हे औषधांहून वेगळे, असे न्यायालयाने ठरवले आणि कापूस कायद्याच्या कक्षेत आला. पुढे 1968 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने तेथील ‘आणि’ हा ‘किंवा’ म्हणूनच वाचावा लागेल, असे स्पष्ट सांगितले.

व्यापारी घरांत सर्वाधिक जिव्हाळ्याचा ‘किंवा’ बँकेच्या अर्जावर असतो. पती-पत्नीच्या नावे मुदत ठेव ठेवताना ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या रकान्यात खूण केली जाते, आणि दोघांपैकी कोणीही केव्हाही पैसे काढू शकेल, असे घरात समजले जाते. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये याचा खुलासा केला. मुदत पूर्ण झाल्यावर एकाची सही पुरते. परंतु दोघे हयात असताना ठेव मुदतीपूर्वी मोडायची, तर दोघांच्या सह्या लागू शकतात. एकाच्या निधनानंतर दुसऱ्याला ती मुदतीपूर्वी मोडायची असेल, तर तशी संमती दोघांनी आधी लिहून दिलेली असावी लागते. अन्यथा दिवंगत व्यक्तीच्या वारसांचा होकार मागितला जातो. दवाखान्याच्या बिलासाठी किंवा हुंडी फेडण्यासाठी पैसे हवे असतात, ते नेमके याच वेळी. संमतीचा हा मजकूर ठेव ठेवतानाच अर्जावर घेता येतो आणि जुन्या ठेवींसाठीही दोघे हयात असेतो बँकेला लिहून देता येतो. त्याला दोन सह्या पुरतात.