कूपरेज नवं झालं, पण रोव्हर्स कप कुठं गेला?

मुंबईत मंत्रालयापासून चालत काही मिनिटांवर असलेलं कूपरेज फुटबॉल मैदान गेल्या दीड दशकात पार बदललं. फिफाच्या मदतीतून तिथं कृत्रिम गवत आलं, प्रकाशझोत लागले, गॅलऱ्या नव्यानं बांधल्या गेल्या. या सुधारणेला माझा विरोध नाही. मुंबईच्या पावसात साधं गवत टिकवणं किती अवघड असतं, हे इथल्या कुठल्याही खेळाडूला विचारा. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या स्पर्धेनं कूपरेजला देशभर नाव दिलं, तो रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालेलाच नाही. घर दुरुस्त केलं आणि घरातलं माणूस बाहेरच राहिलं, अशी ही गत आहे.

रोव्हर्स कप १८९१ साली मुंबईत सुरू झाला. ड्युरंडनंतरची ती देशातली सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणींचीच मिरासदारी होती. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण हरला. कप पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती आला तो १९३७ साली, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी. तो संघ होता ‘बंगलोर मुस्लिम्स’. पुढच्या वर्षीही तोच जिंकला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं रोव्हर्स आणि ड्युरंड असे दोन्ही कप पटकावले. मोहन बागाननं १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्यांना हरवलं, हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्याचा अभिमानही असतो. १९३७ चं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

मराठवाड्यातल्या वाचकांना जवळची वाटावी अशी गोष्ट त्यानंतरची आहे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. इथल्या मुसलमानांसाठी तो काळ भीतीचा आणि संशयाचा होता. अशा काळात हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ मुंबईत आला आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप घेऊन गेला. प्रशिक्षक होते पेशानं शिक्षक असलेले सय्यद अब्दुल रहीम. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन यांच्यासारखे खेळाडू त्या संघातून देशाकडून खेळले. याच रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारतानं १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला.

हा वारसा एकट्या मुसलमानांचा आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. रोव्हर्स सर्वाधिक वेळा, म्हणजे १४ वेळा जिंकला तो मोहन बागाननं. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या टाटा संघाचा. या शहराचं फुटबॉल गोवेकर ख्रिश्चन, मुसलमान, मराठी, बंगाली अशा सगळ्यांनी मिळून उभं केलं. ‘तुमचं या देशासाठी योगदान काय?’ असं आम्हाला उठताबसता विचारलं जातं. त्या प्रश्नाचं एक उत्तर या सामायिक इतिहासात आहे. ते पुसलं गेलं, तर नुकसान सर्वांचंच.

कुणी म्हणेल, आता आयएसएलचा जमाना आहे, जुन्या स्पर्धांना वेळापत्रकात जागा कुठं? पण ड्युरंड कप आजही जिवंत आहे. लष्करानं तो सांभाळला, २०१९ पासून पश्चिम बंगालनं त्याला घर दिलं, आणि आयएसएलचे संघ त्यात खेळतात. म्हणजे प्रश्न इच्छाशक्तीचा आहे. इकडं मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये. मुंबई सिटी एफसी सुरुवातीला नवी मुंबईत आणि पुढं अंधेरीत खेळू लागला. कूपरेजची क्षमता जेमतेम ५ हजारांची, त्यामुळं मोठे सामने तिथं होणार नाहीत, हे मान्य. पण रोव्हर्सच्या सुरुवातीच्या फेऱ्या खेळवायला एवढी जागा पुरेशी आहे.

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि राज्य सरकारनं मिळून रोव्हर्स कप पुन्हा सुरू करावा. कूपरेजच्या भिंतीवर १८९१ पासूनच्या विजेत्यांची नावं मराठीत लिहावीत. बंगलोर मुस्लिम्स आणि हैदराबाद सिटी पोलीस यांच्यासकट. आणि नागपाडा, मदनपुरा, धारावी, कुर्ला इथल्या पोरांना या नव्या गवतावर परवडेल अशा दरात, ठरलेल्या दिवशी खेळायला मिळावं.

यासाठी नवं बांधकाम लागत नाही. शेवटची मागणी तर या मोसमातच पूर्ण होण्यासारखी आहे.