पहिले अंडे

आईची माया सर्व लेकरांवर सारखी असते, असे आपण मानतो. न्यूझीलंडच्या आग्नेयेस असलेल्या अँटिपोडीझ व बाउंटी बेटांवरील उभ्या तुऱ्याच्या पेंग्विनांची हकीगत ऐकली, म्हणजे या समजुतीस धक्का बसतो.

ही मादी उघड्या खडकावर दोन अंडी घालते. पहिले लहान, काही दिवसांनी येणारे दुसरे त्याच्या दीडपटीहूनही जड! लहान अंड्याला ऊब मिळत नाही. बहुधा दुसरे येण्यापूर्वी, किंवा त्याच दिवशी, ते घरंगळून जाते अथवा फुटते. १९९८ साली संशोधकांनी काही घरट्यांभोवती दगडांचे कडे रचून पाहिले; तरीही पहिली अंडी वाचली नाहीत. पिलू निघते ते मोठ्या अंड्यातून.

या मातेस निर्दय म्हणणे मला मान्य नाही. समुद्रातून अन्न आणून दोन पिले पोसणे त्या जोडप्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसरे अंडे नासलेच तर उपयोगी पडावे म्हणून पहिले राखीव असते, असा खुलासा कोणी करतील. पण राखून ठेवायचे बियाणे कोणी पेरणीआधीच उधळून टाकतो काय? माझ्या मते, दोन पिले वाढविणाऱ्या पूर्वजांची ती मागे उरलेली रीत असावी.

आज हे पक्षी संकटग्रस्त गणले जातात. तेव्हा टाकलेली अंडी यंत्रात उबवावीत, असेही कोणास वाटेल. उबवता येतीलही, परंतु त्या पिलांना भरविण्यास आईबाप कोठून आणावयाचे?