सामान मिळेल का, सामान?

काही प्रश्न असे असतात की विचारणाऱ्याला दुकानाची पायरी चढतानाच उत्तर माहीत असतं. "सामान मिळेल का?" हा त्यातलाच एक. सामान म्हणजे गाडीचे सुटे भाग. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मेकॅनिक 'पार्ट' क्वचितच म्हणतो, 'सामान' म्हणतो. गाडीवर युरोपियन नाव असेल तर उत्तर ठरलेलं: "मागवावं लागेल." किती दिवस लागतील? "सांगता नाही येत."

आज याच विषयावर मनसोक्त भांडायचं आहे. ज्या मावश्या-काकवांना मोटारसायकलीत काडीचा रस नाही त्यांनीही थोडा धीर धरावा. हेच भांडण उद्या तुमच्या वॉशिंग मशीनचं होणार आहे :)

तर आमच्या आत्याचा धाकटा. (घरची मंडळी ओळखतीलच, आणि तो स्वतःही हे वाचणार आहे.) नोकरीला लागल्यावर त्याने हौसेने एक युरोपियन नावाची गाडी घेतली. मे महिन्यात रेडिएटरचा पंखा बंद पडला. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. पारा ४७ अंशांना शिवतो, तेव्हा माणसाचं डोकं तापतं तिथे इंजिनाचं काय! पंखा बदलायचा, एवढंच काम. गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, आणून द्या, अर्ध्या तासात बसवतो. पण ज्या शहरात गाडी घेतली तिथल्या डीलरने सांगितलं की सुटा पंखा काउंटरवर देत नाही, गाडी घेऊन या. बंद पडलेली गाडी, दीडशेच्या वर किलोमीटर. छोटा हत्ती भाड्याने केला, गाडी पोचवली. मग कळलं की पंखाच शिल्लक नाही, कंपनीकडून यायचा आहे. गाडी दहा आठवडे तिथे उभी. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जात होता. हप्त्याला कधी "मागवावं लागेल" असं झालं नाही! पोरगा अडीच महिने मित्राच्या मागे बसून कामाला गेला.

ही गोष्ट सांगितली की चारातले तीन लोक म्हणतात, "मग कशाला घेतली असली गाडी? आपल्या भागात साधी गाडी घ्यावी." हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. गाडी चोरून आणली नव्हती. भर शोरूममध्ये विकली, चंद्रपूरचा पत्ता लिहून घेतला, एमएच ३४ नंबरची नोंदणी झाली, रोड टॅक्स भरला. पैसे घेताना आमचा पत्ता चालतो आणि पंखा द्यायच्या वेळी आम्ही लांब राहतो, हे कसं काय?

दुसरं म्हणजे "असली गाडी आपल्या भागात चालत नाही" हे साफ खोटं आहे. युरोपियन मोटारसायकल आमच्याकडे दोन पिढ्या चालली आहे. फक्त तिला कोणी युरोपियन म्हणत नव्हतं.

राजदूत आठवते? दुधाच्या कॅन लटकवलेली, शिक्षकांची, ग्रामसेवकांची, धानाचं पोतं मागे बांधलेली राजदूत. ती जन्माने पोलंडची. तिथल्या एसएचएल कंपनीच्या एम-११ या मॉडेलवरून एस्कॉर्ट्सने ती १९६०च्या दशकात इथे बनवायला घेतली. जावा तर नावातच परदेशी: यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ मध्ये प्राग शहरात झालेलं नाव. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून ती बाहेर पडू लागली, १९७३ पासून येझदी झाली, आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. आणि बुलेट? १९५५ पासून मद्रासला बनणारी ही इंग्रज गाडी. १९७०च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी आटोपली. आई गेली, लेक इथे नांदली, इतकी की आता लोक तिला अस्सल देशी समजतात.

आता खरा मुद्दा. त्या काळी अहेरीला किंवा एटापल्लीला राजदूतचं झकपक सर्व्हिस सेंटर होतं का? मुळीच नाही. गडचिरोली हा वेगळा जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. रस्ते आजच्याहून वाईट होते, परलकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटत होतं. तरी गाड्या चालत होत्या, कारण सामान बाजारात होतं. क्लचप्लेटा, पिस्टन-रिंगा, पॉइंट, कंडेन्सर, ऑइल सील या गोष्टी कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत. तिथे नसतील तर दुकानदार नागपूरहून एसटीच्या पार्सलने मागवून देई. त्यातूनही एखादा बुश मिळालाच नाही तर लेथवाला बनवून देई. आणि गाडीची विद्या कोणा एकाच्या तिजोरीत नव्हती. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात, ते उघडून कसं बसवायचं हे मूलचा मेकॅनिक सिंदेवाहीच्या पोराला शिकवू शकत होता. म्हणूनच कारखाना बंद पडून तीसेक वर्षं झाली तरी येझदी अजून फटफटत जाताना दिसते. मेलेल्या कंपनीच्या गाडीला सामान मिळतं आणि जिवंत कंपनीच्या गाडीला मिळत नाही, याला काय म्हणावं?

म्हणून मी म्हणतो की आमचा त्रास अंतराचा नाही. अंतर तेव्हाही तेवढंच होतं. त्रास कुलपाचा आहे.

हे कुलूप दोन जागी लागलंय. पहिलं सामानावर: भाग फक्त अधिकृत डीलरमार्फत, तेही गाडी तिथे नेली तरच. दुसरं माहितीवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर कमी झाला, चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर गाडीत सेन्सर आणि इसीयू नावाची छोटी संगणकाची डबी पक्की झाली. आमच्याकडचा एक जुनाजाणता मेकॅनिक मला म्हणाला, "भाऊ, इंजिन मी आत्ता खोलतो. पण हे मीटरवरचं पिवळं लाइट मले बुजवता येत नाही. त्याची चाबी शोरूमवाल्यापाशी आहे." चाळीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाचं ते वाक्य ऐकून वाईट वाटलं. कारण तो नालायक ठरत नव्हता, त्याला बाहेर ठेवलं जात होतं. गाडीबरोबर त्याचा धंदाही उभा राहतोय, चाकातली हवा गेल्यासारखा.

कंपन्यांकडे उत्तरं तयार असतात. एकेक बघू.

"माल परदेशातून येतो हो." काही मोठ्या, लाखोंच्या गाड्यांच्या बाबतीत ते खरं असेल. पण सगळ्या? केटीएम पुण्याजवळ चाकणला बनते. ऑस्ट्रियातली ती कंपनी २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या दारात गेली आणि २०२५ मध्ये बजाजने पैसे ओतून तिला सावरलं आणि ताबा घेतला. २०२३ पासूनच्या चारशे सीसीच्या ट्रायम्फही चाकणच्याच. बीएमडब्ल्यूची जी ३१० ही गाडी तमिळनाडूत होसूरला टीव्हीएसच्या कारखान्यात तयार झाली, आणि तेच इंजिन घराणं टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१० मध्येही आहे. म्हणजे ज्याला आपण परदेश म्हणतो तो आता चाकण-होसूरला आहे. तिथून चंद्रपूरला पार्सल यायला व्हिसा लागत नाही.

"तुमच्याकडे गिऱ्हाईकं कमी, शोरूम परवडत नाही." कबूल! सिरोंच्याला शोरूम टाका असं कोणीच म्हणत नाही. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, तिथे काचेची शोरूम चालणार नाही हे आम्हालाही कळतं. आम्ही शोरूम मागतच नाही. भागाचा नंबर आणि किंमत जाहीर करा, पैसे घ्या, पोस्टाने पाठवा. भारतीय डाक भामरागडला पोचते. राजदूतच्या जमान्यात जे एसटीच्या टपावरून होत होतं ते आता मोबाइलच्या जमान्यात होत नाही?

"बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला तर सुरक्षितता धोक्यात येते." हे तर फारच झालं. अस्सल ब्रेक पॅड मिळाला नाही की माणूस गाडी देव्हाऱ्यात नाही ठेवत. तो मिळेल तो डुप्लिकेट पॅड घासून बसवतो आणि निघतो. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीच्या आसपास संध्याकाळी सातला गाडी बंद पडली तर सुरक्षितता कशाला म्हणतात ते कळेल. दोन्ही बाजूंना जंगल, आणि जंगलात वाघ आहेत, पोस्टरवरचे नव्हेत. अस्सल सामान न देणं हाच मोठा धोका आहे.

आणि डीलर, आयातदार हे तरी कुठे कायमचे असतात? इटालियन नावाच्या बेनेलीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या डीएसके समूहाच्या कंपनीने ती गाडी भारतात आणली. तो समूह आर्थिक संकटात सापडला आणि २०१८ मध्ये बेनेलीने हैदराबादच्या महावीर समूहाशी नवी सोयरीक केली. २०२० मध्ये हार्लेनेही (ती अमेरिकन, पण दुखणं तेच) स्वतःचा इथला कारभार आवरून हीरोकडे सोपवला. मोठ्या घरांची लग्नं मोडतात, जुळतात. मधल्या काळात गिऱ्हाइकाने गाडीवर चादर टाकून बसायचं.

गंमत म्हणजे हे सगळं ज्या युरोपच्या नावाने चालतं, तिथला कायदा उलट सांगतो. युरोपीय संघाचा १६८/२०१३ क्रमांकाचा दुचाकींविषयीचा नियम आहे. दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही मिळाली पाहिजे, असं बंधन त्यात उत्पादकांवर घातलंय. म्हणजे युरोपातल्या छोट्या गॅरेजवाल्याला जो हक्क आहे तो चामोर्शीच्या गॅरेजवाल्याला नाही. नाव युरोपचं, किंमत युरोपची, हक्क मात्र तिकडेच ठेवून आले.

आपल्याकडेही सगळा अंधार आहे असं नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणं आणि स्वतंत्र गॅरेजला माहिती-अवजारं न देणं. त्या यादीत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट ही युरोपियन मंडळीही होती. दंडावरून पुढे अपिलं झाली, ते चालायचंच. पण एका साध्या ग्राहकाच्या तक्रारीवरून ते प्रकरण उभं राहिलं, हे विसरू नका. तो निकाल चारचाकींचा होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचं क्षेत्र आहे. पण कंपन्यांनी आपखुशीने माहिती द्यायची, असा तो मामला. आपखुशीने कुलूप कोण उघडतं? सरकारला गाडी परदेशी आहे हे फी घेताना बरोबर आठवतं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षं जुन्या साध्या दुचाकीच्या पुनर्नोंदणीला १,००० रुपये आणि आयात केलेलीला १०,००० रुपये केले. दहापट फी घेणाऱ्याने त्या गाडीच्या सामानाची निदान एकपट तरी काळजी करावी!

माझं मागणं लांबलचक नाही. गाडी विकायची परवानगी हवी असेल तर चार गोष्टी लिहून द्या. मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं सामान देणार ते. कुठल्याही गिऱ्हाइकाला, कुठल्याही मेकॅनिकला काउंटरवर किंवा पार्सलने भाग विकणार ते. दुरुस्तीचं पुस्तक आणि स्कॅनर वाजवी किमतीत बाजारात ठेवणार ते. आणि ठरल्या मुदतीत भाग दिला नाही तर तेवढ्या दिवसांचा हप्ता कोण भरणार ते. चौथं कलम घाला, पहिली तीन आपोआप पाळली जातील.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक फार कामाची सोय आहे: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. शोरूम नागपूरला असो की पुण्याला, त्यांनी चंद्रपूर-गडचिरोलीला यायचं. एकदा त्यांनाही कळू दे किती लांब आहे ते! १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. डीलरचं "मागवलंय" तोंडी ऐकून परतू नका, तारखेसह लिहून घ्या.

आणि घरातल्या पुढच्या पोराला नवी गाडी घ्यायची असेल तर जरूर घ्या, हौसेने घ्या. फक्त शोरूममध्ये मायलेज विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा: याचा क्लच वायर आमच्या गावच्या मेकॅनिकला विकत द्याल का? समोरचा गडबडला तर पेन खिशात ठेवा आणि बाहेर येऊन चहा प्या.